मुंबई परिसरातील पामवृक्ष : ओळख आणि छायाचित्रण

बीजसंज्ञा : ताल कुल, ताड, माड, शिंदी, भेरली माड, पर्णव्रण, छायाचित्रीय नोंद, वारसा वृक्ष

प्रस्तावना

मुंबईच्या स्थलनामांत पामवृक्षांनी आपली खूण ठेवलेली आहे. ताडदेव या नावाचा संबंध ताडाशी जोडला जातो. माझगावात ताडवाडी आहे, तेथेच नारियलवाडीही आहे. खाडीपलीकडे नवी मुंबई वसल्यावर वाशीकडून बेलापूरकडे जाणाऱ्या रस्त्याला पाम बीच मार्ग असे नाव मिळाले. परंतु ज्या झाडांवरून ही नावे आली त्या झाडांची ओळख मात्र शहरवासीयांत फारशी उरलेली नाही. नारळ आणि ताड एवढी दोन नावे सांगून झाली की तिसऱ्या झाडाला सरसकट ‘पाम’ म्हटले जाते आणि चौकशी तेथेच संपते.

ही उदासीनता केवळ हौशी निरीक्षकांपुरती मर्यादित नाही. वृक्षगणना, वृक्षतोडीची परवानगी, वादळानंतरचे पंचनामे आणि वारसा वृक्षांची निश्चिती या सर्व व्यवहारांत झाड कोणते आणि किती जुने, हे दोन प्रश्न येतात. आंबा, वड, चिंच यांच्याबाबत या प्रश्नांची उत्तरे खोडाच्या घेरावरून किंवा लाकडातील वलयांवरून निदान अंदाजाने तरी देता येतात. पामच्या बाबतीत हे दोन्ही मार्ग बंद आहेत. त्यामुळे पामचे काळजीपूर्वक काढलेले, दिनांक नोंदवलेले छायाचित्र हे त्या झाडाविषयीचे महत्त्वाचे, आणि पुष्कळदा एकमेव, साधन ठरते. प्रस्तुत लेखात मुंबई व तिच्या परिसरातील पामवृक्ष कसे ओळखावेत आणि ओळखीस उपयोगी पडेल असे त्यांचे छायाचित्रण कसे करावे, याचा विचार केला आहे.

संज्ञेविषयी एक खुलासा आवश्यक आहे. मराठी वनस्पतिशास्त्रीय लेखनात या कुळास ‘ताल कुल’ म्हणतात. जगभरात या कुळातील सुमारे २,६०० जाती ज्ञात आहेत. बोलीभाषेत मात्र सर्व जातींना कवेत घेणारा एक शब्द नाही. कोकणात ‘माड’ म्हणजे नारळ, तर ‘भेरली माड’ हे सर्वस्वी वेगळेच झाड. म्हणून रूढ झालेला ‘पाम’ हाच शब्द येथे वापरला आहे.

पामच्या खोडाचे वेगळेपण

पाम ही एकदलिकित वनस्पती आहे. आंब्याच्या किंवा सागाच्या खोडात सालीखाली विभाजी पेशींचा जो थर असतो व ज्यामुळे खोड दरवर्षी जाड होत जाते, तो थर पाममध्ये नसतो. रोप लहान असताना जमिनीलगत खोडाची जाडी जवळजवळ ठरून जाते आणि त्यानंतर झाड केवळ उंच वाढते. परिणामी पन्नास वर्षांचा ताड आणि शंभर वर्षांचा ताड यांच्या घेरात वयाप्रमाणे फरक सापडेलच असे नाही. लाकडात वार्षिक वलयेही नसतात. झाड तोडून पाहिले तरी त्याचे वय कळत नाही.

याच रचनेमुळे आणखी एक गोष्ट घडते. पामच्या खोडावर झालेली जखम भरून येत नाही. नारळावर चढण्यासाठी कोयत्याने पाडलेल्या खाचा तीस-चाळीस वर्षांनीही तशाच दिसतात. कोणी ठोकलेला खिळा, दिव्यांच्या माळा बांधण्यासाठी आवळलेली तार, ट्रकचा धक्का, हे सारे खोडावर कायमचे लिहिले जाते. शिवाय वाढ फक्त शेंड्याकडे होत असल्याने खाच ज्या उंचीवर पाडली त्याच उंचीवर ती राहते. झाडाबरोबर ती वर सरकते असा जो समज आढळतो तो चुकीचा आहे.

पान गळून पडले की खोडावर त्याच्या तळाचा व्रण उरतो. नारळ, सुपारी व रॉयल पाम यांच्या खोडांवरील कड्यांसारख्या रेषा म्हणजे हे पर्णव्रण होत. पूर्ण वाढलेल्या नारळाला साधारणपणे महिन्याला एक, म्हणजे वर्षाला सुमारे बारा पाने येतात. त्यामुळे व्रण मोजून बाराने भागले आणि खोड जमिनीवर दिसू लागण्यापूर्वीची काही वर्षे मिळवली, तर वयाचा ढोबळ अंदाज येतो. अंदाज ढोबळ म्हणण्याचे कारण असे की, पाणी, खत व रोग यांनुसार पाने येण्याचा वेग बदलतो आणि बुंध्याजवळचे व्रण पुसट झालेले असतात. मात्र केवळ उंचीवरून वय सांगणे त्याहून धोक्याचे आहे. तरुण माड झपाट्याने उंच होतो, दोन व्रणांतील अंतर मोठे असते. वय वाढते तसे हे अंतर कमी कमी होत जाते. छायाचित्रात खोडाचा वरचा भाग स्पष्ट आला असेल तर व्रणांची ही दाटी सहज दिसते.

पाच परिचित झाडे

मुंबई परिसरात आधी पाच झाडे नीट ओळखता आली पाहिजेत : नारळ, सुपारी, ताड, शिंदी आणि भेरली माड.

नारळ आणि सुपारी यांचा घोटाळा सहसा होत नाही. सुपारीचे, म्हणजे पोफळीचे, खोड हाताच्या दोन पंजांत मावेल इतके सडपातळ असते आणि त्याच्या माथ्याशी पानांच्या आवरणांनी बनलेला गुळगुळीत हिरवा भाग असतो. हेच आवरण वाळून गळते, त्याला कोकणात विरी म्हणतात. नारळाला असा हिरवा दंडगोल नसतो. त्याच्या झावळ्यांच्या तळाशी तंतुमय जाळी असते आणि बुंधा बहुधा फुगीर असतो. वसई, अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन येथील वाड्यांत ही दोन्ही झाडे एकमेकांच्या सावलीने वाढताना दिसतात. मुंबईत सुपारी क्वचित आढळते आणि आढळली तर तो बहुधा जुन्या वाडीचा अवशेष असतो, एवढे लक्षात ठेवून तिची नोंद करावी.

ताडाची पाने पंख्यासारखी, हस्ताकृती असतात. गोराई, मनोरी, मढ, उत्तन, वसई आणि पुढे पालघर-डहाणूपर्यंत हे झाड मोकळ्या माळावर, शेताच्या बांधावर उभे असते. वारली चित्रांत ताडावर चढणारा माणूस वारंवार येतो, तो याच भूभागाच्या जीवनाचा भाग आहे. ताडात नर आणि मादी झाडे वेगवेगळी असतात. मादी झाडाला फळे धरतात आणि उन्हाळ्यात रस्त्याकडेला विकायला येणारे ताडगोळे याच कोवळ्या फळांतील बिया होत. नर झाडाला बोटांसारखे जाड, लोंबते पुष्पबंध येतात. फळ न धरणारे झाड ‘वांझ’ समजून तोडल्याच्या गोष्टी ऐकू येतात, परंतु ते झाड बहुधा नर असते आणि ते नाहीसे झाल्यास आसपासच्या मादी झाडांच्या परागणावर परिणाम होऊ शकतो. म्हणून ताडाच्या छायाचित्रात पुष्पबंध किंवा फळे स्पष्ट येणे अगत्याचे आहे. त्यावाचून लिंग नोंदवता येत नाही.

शिंदी हे या पाचांतील सर्वांत दुर्लक्षित झाड म्हणता येईल. रंग राखाडी-हिरवा, पाने पिसासारखी, तळाकडच्या पर्णिकांचे लांब टोकदार काटे झालेले. खोडावर गळालेल्या पानांच्या तळांची शंकरपाळ्यासारखी चौकटनक्षी असते. नारळ आणि शिंदी यांत दुरून शंका आल्यास पर्णिकेची घडी पाहावी. शिंदीची पर्णिका मध्यभागी वरच्या बाजूने खोलगट, पन्हळीसारखी दुमडलेली असते. नारळाची पर्णिका उलट, घराच्या पाखीसारखी खाली उतरती असते. हा फरक साध्या कॅमेऱ्यातही टिपता येतो, मात्र त्यासाठी पर्णिका जेथे पानाच्या कण्याला मिळते ते ठिकाण जवळून घ्यावे लागते. शिंदीच्या पानांपासून केरसुणी बनते, आणि लक्ष्मीपूजनाच्या दिवशी जिची पूजा होते ती हीच. मोठ्या गृहसंकुलांच्या दाराशी अलीकडे जी ‘खजुराची’ झाडे रातोरात उभी राहतात त्यांतही शिंदी असण्याचा संभव असतो. खऱ्या खजुराला बुंध्याशी पिल्ले फुटतात, शिंदीला ती नसतात. परंतु विक्रीपूर्वी बुंधा तासून साफ केलेला असल्याने ही खूण बहुधा हरवलेली असते.

भेरली माड पाहण्यासाठी शहराबाहेर, सह्याद्रीच्या दमट ओढ्याकाठी जाणे उत्तम. जुन्या उद्यानांतही तो लावलेला आढळतो. त्याची पर्णिका माशाच्या शेपटीसारखी तिरकी, कातरलेली असते आणि पान दोनदा विभागलेले असते. पामांमध्ये हे वैशिष्ट्य दुर्मीळ आहे. त्याचे जीवनचक्र तर छायाचित्रकाराने मुद्दाम अभ्यासावे असे आहे. पुरेशी वाढ झाल्यावर पहिला पुष्पबंध शेंड्याजवळ येतो, लांबलचक जटांसारखा खाली लोंबतो, आणि त्यानंतरचे पुष्पबंध क्रमाने खाली खाली येत जातात. सर्वांत खालची फळे पिकली की झाड मरते. हा शेवटचा प्रवास काही वर्षे चालतो. म्हणजे एकाच छायाचित्रावरून, पुष्पबंध खोडावर कोठपर्यंत उतरले आहेत हे पाहून, झाडाचे किती आयुष्य उरले आहे याचा अंदाज करता येतो. पिकलेली फळे हाताळू नयेत. त्यांतील सूक्ष्म स्फटिकांमुळे त्वचेला तीव्र खाज सुटते. उदमांजराला मात्र ती चालतात.

याशिवाय उत्तरेकडे दीव आणि गुजरातच्या किनाऱ्यावर रावणताड हा फांद्या फुटणारा पाम भेटतो. दीवमध्ये त्याला ‘होका’ म्हणतात. पामला फांद्या नसतात या सर्वमान्य विधानाला असलेला हा आपल्याच किनाऱ्यावरचा अपवाद होय.

बागेतील पाहुणे आणि पाम नसलेले ‘पाम’

शहरातील रस्ते, कचेऱ्या व संकुले यांच्या दर्शनी भागात जे पाम दिसतात ते बहुतेक परदेशी आहेत. त्यांत रॉयल पाम अग्रभागी आहे. तो मूळचा क्यूबा व आसपासच्या प्रदेशातील. सिमेंटने गिलावा केल्यासारखे करडे-पांढरे खोड, मध्ये कोठेतरी फुगवटा आणि माथ्यावर लांब हिरवा दंडगोल ही त्याची लक्षणे. या फुगवट्यामुळे त्याला सर्रास ‘बॉटल पाम’ म्हटले जाते. खरा बॉटल पाम मॉरिशसजवळच्या बेटावरचा, बुटका, बुंध्याशीच सुरईसारखा फुगलेला असतो आणि त्याला जेमतेम चार-सहा पाने असतात. रोपवाटिकेतील ‘अरेका पाम’ हाही असाच नावाचा घोळ. अरेका म्हणजे वस्तुतः सुपारी. कुंडीत, जिन्यात, लग्नमंडपात दिसणारा पिवळसर देठांचा, झुबक्याने वाढणारा पाम मादागास्करचा आहे आणि त्याचा सुपारीशी कुळापलीकडे संबंध नाही.

फॉक्सटेल पामची कथा याहून अलीकडची आहे. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडच्या केप मेलव्हिल या दुर्गम भागात वाढणाऱ्या या झाडाचे शास्त्रीय वर्णन १९८३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच्या प्रजातीला वोडयेटी या आदिवासी व्यक्तीचे नाव देण्यात आले. पर्णिका कण्याभोवती सर्व दिशांनी फुटत असल्याने पान कोल्ह्याच्या शेपटीसारखे गुबगुबीत दिसते. चार-पाच दशकांपूर्वी ज्याचे शास्त्रात नावही नव्हते ते झाड आज आपल्याकडच्या रोपवाटिकांत सर्रास मिळते. याचा एक उपयोग असा की, मुंबईतील एखादा फॉक्सटेल ऐंशीच्या दशकापूर्वीचा असल्याचा दावा कोणी केला तर तो निःशंकपणे तपासून पाहावा.

दोन झाडांना पामच्या यादीतून वगळावे लागते. ट्रॅव्हलर्स पाम हा केळीच्या जवळच्या कुळातील आहे. सायकस, ज्याला ‘सागो पाम’ म्हणतात, तो तर सपुष्प वनस्पतीच नाही. त्याला फुलांऐवजी शंकू येतो. किनाऱ्यावरचा केवडाही पाम नव्हे. छायाचित्र-संग्रहात या तिघांची भेसळ हमखास सापडते.

या पाहुण्यांविषयी स्पष्ट बोलणे भाग आहे. रॉयल पामची रांग देखणी दिसते, परंतु वैशाखात तिच्याखाली उभे राहणाऱ्यास सावली मिळत नाही. पामची मुळे बुंध्याच्या तळातून नव्याने फुटू शकत असल्याने मोठे झाड उपटून दुसरीकडे लावणे अन्य वृक्षांच्या तुलनेने सोपे जाते, आणि बांधकाम पूर्ण होताच तयार हिरवळ दाखवण्यासाठी ही सोय फार उपयोगी पडते. एका वडाच्या बदल्यात पाच पाम ही कागदावरची बरोबरी आहे, छायेची नव्हे. देशी ताडाशी तुलना केल्यास भेद आणखी ठळक होतो. ताडाच्या पानांखाली ताडपाकोळी घरटे चिकटवते, पावसाळ्याच्या सुमारास सुगरणीची घरटी लोंबू लागतात. ताडाचे छायाचित्र काढताना घरट्यांची संख्याही टिपून ठेवावी.

छायाचित्र कसे असावे

पामचे सर्वांत लोकप्रिय छायाचित्र म्हणजे मावळत्या सूर्यापुढची काळी आकृती. दिनदर्शिकेसाठी ते ठीक आहे. त्यातून हस्ताकृती पान की पिच्छाकृती, इतकेच कळते. खोडाचे व्रण, देठाचे काटे, पर्णिकेची घडी, फळाचा रंग ही ओळखीची सर्व साधने त्या काळ्या आकृतीत बुडून जातात.

ओळखीसाठी एकाच झाडाची निदान पाच छायाचित्रे हवीत : संपूर्ण झाड, बुंधा, खोडाचा मधला भाग, शेंडा आणि जमिनीवर गळालेले पान किंवा फळ. यांपैकी शेवटचे छायाचित्र बहुतेक जण काढत नाहीत, वस्तुतः तेच सर्वांत सोपे आणि सर्वाधिक माहिती देणारे असते. साठ फूट उंचीवरच्या पर्णिकेची घडी दुर्बिणीनेही नीट दिसत नाही, गळालेली झावळी मात्र हातात घेता येते. देठाच्या कडेला काटे आहेत का, पर्णिका एका पातळीत आहेत की अनेक, हे तेथे निवांत पाहता येते. शेजारी छत्री, वही अथवा ओळखीच्या मापाची कोणतीही वस्तू ठेवली की आकाराचा प्रश्न सुटतो.

संपूर्ण झाड घेताना शक्य तितके दूर जावे. भ्रमणध्वनीच्या कॅमेऱ्याने बुंध्याशी उभे राहून वर पाहत काढलेल्या छायाचित्रात खोड तळाशी वाजवीपेक्षा जाड आणि माथ्याशी अगदी बारीक दिसते. रॉयल पामचा फुगवटा कोठे आहे, हे महत्त्वाचे लक्षण अशा छायाचित्रात विश्वासार्ह राहत नाही. झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतर मिळाले तर उत्तम. दाट वस्तीत ते मिळत नाही. तेथे उंचीचा आश्रय घ्यावा. रेल्वे स्थानकांचे पादचारी पूल, इमारतीची गच्ची, तिसऱ्या-चौथ्या मजल्यावरचा जिना येथून शेंडा डोळ्यांच्या पातळीवर येतो. मुंबईसारख्या शहरात पामचा शेंडा समोरासमोर पाहण्याची जी सोय आहे ती खेड्यातील वाडीत नाही, हे या शहराचे एक अनपेक्षित सुख म्हणावे लागेल.

प्रकाशाविषयी थोडेसे. दुपारच्या पांढऱ्या आभाळापुढे पाने काळी पडतात. सकाळी किंवा चारनंतर सूर्य पाठीशी ठेवून, शेंड्यावर प्रकाशमापन करून छायाचित्र घ्यावे. पाऊस ओसरल्यानंतरचे, ऑक्टोबर-नोव्हेंबरमधील स्वच्छ दिवस पानांसाठी चांगले. ताडाच्या फळांसाठी उन्हाळा गाठावा लागतो. आणि एक साधी सूचना, जी उत्साहाच्या भरात विसरली जाते : नारळाच्या किंवा रॉयल पामच्या थेट खाली उभे राहू नये. रॉयल पामचे पान आवरणासकट गळते तेव्हा ते चांगलेच वजनदार असते.

शेंड्याचे स्पष्ट छायाचित्र रोगनिदानालाही उपयोगी पडते. गेंड्या भुंगा न उमललेल्या पानाचा कोंब कुरतडतो. ते पान पुढे उमलले की त्यावर कात्रीने कापल्यासारखे त्रिकोणी छेद दिसतात. ही खूण जमिनीवरून नुसत्या डोळ्यांना जाणवत नाही, दूरवेधी भिंगातून घेतलेल्या छायाचित्रात लगेच कळते. सोंड्या भुंगा अधिक घातक, कारण त्याच्या अळ्या खोडाच्या आत पोखरतात. खोडावरील छिद्रांतून गळणारा तपकिरी चिकट द्रव आणि चावलेला भुसा ही त्याची बाहेरची लक्षणे. पामला वाढीचा एकच कोंब असल्याने तो मेला की झाड संपते. २०१७ च्या जुलैमध्ये चेंबूर येथे नारळाचे झाड अंगावर कोसळून एका महिलेचा मृत्यू झाला आणि त्यानंतर झाडे तोडण्याच्या परवानगीवरून शहरात बराच वाद झाला. अशा वादात एक बाजू झाड निरोगी होते म्हणते, दुसरी ते धोकादायक होते म्हणते. खोडाची आणि शेंड्याची दिनांकित छायाचित्रे हाताशी असतील तर निदान या प्रश्नाची चर्चा पुराव्यावर होऊ शकते.

छायाचित्रे केवळ स्वतःच्या संग्रहात न ठेवता आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल यांसारख्या सार्वजनिक मंचांवर नोंदवल्यास जाणकारांकडून ओळख पडताळून मिळते. नोंद करताना झाड लावलेले आहे की आपोआप उगवलेले, हे अवश्य लिहावे. दादरच्या बागेतील फॉक्सटेल आणि उत्तनच्या बांधावरचा ताड या दोन नोंदी नकाशावर सारखेच ठिपके म्हणून दिसल्या तर अभ्यासकाची दिशाभूल होते.

जुनी छायाचित्रे, कायदा आणि वय

मुंबईत छायाचित्रण फार लवकर रुजले. १८५४ मध्येच येथे छायाचित्रण संस्था स्थापन झाली होती. मलबार हिलवरून गिरगावच्या दिशेने घेतलेल्या एकोणिसाव्या शतकातील छायाचित्रांत आज जेथे इमारती आहेत तेथे माडांची दाट बने पसरलेली दिसतात. छायाचित्रकाराला दृश्य हवे होते, झाडांची नोंद करण्याचा त्याचा हेतू नव्हता. तरीही त्या बनांचा विस्तार आज कळतो तो अशा चित्रांमुळे. माहीमचा परिसर तर इंग्रजांच्या कागदपत्रांत माडांच्या रानासाठीच ओळखला जाई. माडांच्या मुळाशी मासळीचे खत घालण्याच्या पद्धतीला शहरातील रोगराईचे कारण ठरवणारी इंग्रजी लिखाणेही त्या जुन्या काळातली आहेत. या वाड्यांवर भंडारी समाजाची उपजीविका होती. १८७८ च्या अबकारी कायद्याने ताडी-माडीवरील निर्बंध कडक झाले आणि तिला मोठा धक्का बसला. त्यानंतर जमिनीचे भाव वाढत गेले आणि वाड्यांच्या चाळी झाल्या. नावे राहिली.

आजच्या कायद्यात वयाला महत्त्व आले आहे. महाराष्ट्रात नागरी क्षेत्रातील झाडांच्या जतनासाठी १९७५ चा अधिनियम लागू आहे. २०२१ मध्ये त्यात दुरुस्ती होऊन पन्नास वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या झाडांना वारसा वृक्ष म्हणून विशेष संरक्षण देण्याची तरतूद आली. तरतूद स्वागतार्ह आहे, परंतु पामच्या बाबतीत घेर मोजून वय ठरवण्याची रीत निरुपयोगी आहे, हे वर पाहिलेच. मढ किंवा गोराईतील एखादा ताड पन्नास वर्षांचा आहे हे सिद्ध कसे करायचे? जुन्या लग्नसमारंभाच्या, अंगणातल्या, शाळेच्या छायाचित्रात मागे उभा असलेला तोच ताड, त्याच वळणाचा, त्याच खाचेचा, दाखवता आला तर तो पुरावा होतो. घराघरांत पडून असलेल्या अशा छायाचित्रांचे संकलन महाविद्यालयीन विद्यार्थ्यांकडून सहज होण्याजोगे आहे.

पाम हा ‘वृक्ष’ आहे की नाही, हा वाद गोव्यात प्रत्यक्ष कायद्याच्या पातळीवर झाला. नारळाला फांद्या नसल्याने तो कायद्यातील व्याख्येत बसत नाही, अशा युक्तिवादाच्या आधारे जानेवारी २०१६ मध्ये तेथील विधानसभेने दुरुस्ती करून त्याला वृक्षसंरक्षण कायद्यातून वगळले. त्यावर तीव्र टीका झाली आणि २०१७ मध्ये नव्या सरकारने नारळाला राज्यवृक्षाचा मान देण्याचा व पुन्हा संरक्षण देण्याचा निर्णय घेतला. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने नारळ आंब्याहून गवताच्या जवळचा आहे, हे खरेच आहे. परंतु चार पिढ्यांना फळ, तेल, झावळी आणि हिराचा खराटा पुरवणारे झाड तोडण्यास परवानगी लागावी की नाही, हा प्रश्न वनस्पतिशास्त्राचा नाही.

वादळांनी या नोंदींची निकड आणखी दाखवून दिली आहे. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले तेव्हा श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड, अलिबाग या पट्ट्यातील नारळ-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. पुढच्या वर्षी मे महिन्यात ‘तौक्ते’ने मुंबईतील झाडे पाडली. पोफळीची बाग पुन्हा फळाला येण्यास कित्येक वर्षे लागतात. एखाद्या वाडीत वादळापूर्वी किती झाडे होती, त्यांपैकी किती फळती होती, हे ठरवताना बागायतदाराकडे बागेची आधीची छायाचित्रे असणे किती मोलाचे ठरते, हे सांगणे नको.

अशी नोंद सुरू करण्यास मोठी सामग्री लागत नाही. जवळचा एक माड निवडावा, दरवर्षी त्याच महिन्यात, त्याच जागी उभे राहून त्याचे छायाचित्र घ्यावे आणि जागा व दिनांक लिहून ठेवावा. खिळा ठोकून किंवा रंग फासून खूण करण्याचे कारण नाही. खोडावर कोयत्याची एखादी जुनी खाच असतेच, ती हलत नाही. सर्वांत वरचा पर्णव्रण त्या खाचेपासून कितवा, हे पहिल्या छायाचित्रात मोजून ठेवले म्हणजे पुढच्या वर्षीच्या छायाचित्रात त्यावर किती नवे व्रण आले ते समजते, आणि त्या माडाचा पाने टाकण्याचा वेग हाती येतो.